दुसरी निळी गोळी

अमेरिकेचा अध्यक्ष कोण व्हावा याची काळजी अरुणराव दाबके यांना लागली ती शारजात, अल मजाजमधल्या एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर, दाढी करताना. न्यू जर्सीतल्या मेव्हण्याचा व्हॉइस मेसेज आला होता. लाल पक्षवाला निवडून आला तर आपल्या लोकांच्या व्हिसाचं काही खरं नाही, असं मेव्हण्याचं म्हणणं. अरुणरावांनी अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून तो मेसेज पुन्हा ऐकला आणि तिथल्या तिथे ते निळ्या पक्षाचे झाले. नुसते समर्थक नव्हेत, कट्टर.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. अरुणरावांना अमेरिकेत मत नव्हतं. अमिरातीत ते असण्याचा प्रश्नच नव्हता. नाशिकला होतं, पण निवडणूक आली की ते विमानाच्या तिकिटाचे दिरहम बघत, मोठ्याने त्याचे रुपये करत आणि "पुढच्या वेळी नक्की," असं बायकोला सांगत. वर्षानुवर्षं न दिलेली मतं माणसाच्या पोटात साचत असावीत. ती कधीतरी भलत्याच देशाच्या निवडणुकीत बाहेर पडतात.

खाली पार्किंगमध्ये रफिक मुकादम नेहमीप्रमाणे गाडीपाशी उभा होता. हातात डबा. रफिक चौथ्या मजल्यावरचा, मूळचा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, दुबईत एका कार्गो कंपनीत. त्याचं ऑफिस अरुणरावांच्या ऑफिसच्या वाटेवरच. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तो इतक्यांदा नापास झाला होता, की शेवटी परीक्षा घेणाऱ्यालाच त्याची दया येऊ लागली आणि रफिकने तो नाद सोडला. तेव्हापासून, म्हणजे चांगली बारा वर्षं, तो अरुणरावांच्या शेजारच्या सीटवर बसून दुबईला जात-येत होता. सुरुवातीला त्याने पैसे देऊ केले होते. "पैसे घेतले तर ती बेकायदा टॅक्सी होते रे बाबा, दंड बसेल," असं म्हणून अरुणरावांनीच हात जोडले होते. मग रफिकची बायको जहांआरा रोज डबा द्यायला लागली. कधी घावने, कधी नारळाची वडी, शुक्रवारी हमखास कोलंबीची भजी. अरुणरावांची बायको सुमेधा म्हणायची, की तुमच्या पोटाला पेट्रोल जहांआराचं लागतं.

रफिकची एकच खोड होती. तो कायम उलट्या बाजूचा. अरुणराव म्हणाले, आज पाकिस्तान हरणार, की हा म्हणणार, जिंकणार. अरुणरावांना एखादा गायक आवडला की रफिकला तो बेसूर वाटे. सकाळी दोघं ताजेतवाने असत, तेव्हा हे जरा बेताने चाले. पण संध्याकाळी इत्तिहाद रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असताना, एसीचा वारा तोंडावर येऊन अरुणरावांचे डोळे किंचित जड व्हायला लागले, की नेमकं त्याच वेळी रफिक असं काही बोले की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. आणि हापूस आंबा निघाला की बघायलाच नको. सुमेधाचं माहेर देवगड, त्यामुळे देवगडचा हापूस श्रेष्ठ ही अरुणरावांची घरगुती निष्ठा होती. रफिक त्यावर शारजा येईपर्यंत रत्नागिरीची बाजू लढवे आणि पार्किंगमध्ये उतरल्यावरही खिडकीत वाकून शेवटचा मुद्दा सांगून जाई.

तर त्या सकाळी गाडी सुरू करता करता अरुणराव म्हणाले, "अमेरिकेत या वेळी निळेच येणार."

"छ्या!" रफिक डबा मांडीवर ठेवत म्हणाला. "लालच येनार. लिहून घे."

झालं. पुढचे काही आठवडे त्या गाडीत दुसरा विषय निघाला नाही. अरुणराव पहाटे उठून अमेरिकेतल्या राज्यांची नावं पाठ करू लागले. ज्या माणसाला शेजारचं अजमान नक्की कुठे संपतं आणि उम्म अल क्वैन कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं, तो पेनसिल्व्हेनियातल्या उपनगरांबद्दल छातीठोकपणे बोलू लागला. रफिक काही पाठ करत नसे. तो फक्त, "असा? पन लालच येनार," म्हणे, आणि ते अरुणरावांना फार लागे. मुद्द्यांनी हरलेला माणूस परवडतो, मुद्दाच न मांडता शांत बसलेला माणूस सहन होत नाही.

शेवटी अरुणरावांनी ठरवलं, की याचा निकाल लोकशाही मार्गाने लावायचा. बिल्डिंगमधल्या आपल्या माणसांचं मतदान घ्यायचं. शनिवारी संध्याकाळी, खालच्या पार्टी हॉलमध्ये. अरुणरावांनी घरोघर फिरून अंदाज घेतला होता. जो तो चहा देत होता आणि "अगदी बरोबर आहे तुमचं," म्हणत होता. चहा पाजणारा माणूस मत देतोच, असा त्यांचा समज होता.

पहिला खोडा घातला बिल्डिंगच्या मॅनेजरने.

"इलेक्शन?" तो खुर्चीतून अर्धा उठला. "नो नो, दाबके साब. इस हॉल में इलेक्शन नहीं. बर्थडे ओके. एंगेजमेंट ओके. इलेक्शन खलास."

"अरे भाई, यहाँ का नहीं, अमेरिका का है."

"अमेरिका का तो बिल्कुल नहीं."

अरुणरावांनी मान खाली घालून वाढदिवस असं सांगितलं. कुणाचा, विचारल्यावर त्यांच्या तोंडून पटकन रफिकचं नाव निघालं. स्वतःचं सांगितलं असतं तर सुमेधाने वयाचा विषय काढला असता. आता वाढदिवस म्हणजे केक आला. केकवर नाव आलं. शिवाय मॅनेजर म्हणाला, मी स्वतः विश करायला येईन. रफिकला हे कळलं तेव्हा तो गाडीत इतका हसला, की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून बघितलं. "नोव्हेंबरात जन्माला घातलास मला! आमच्या अम्मीला इचारलंस तरी का?"

दुसरा प्रश्न मतपत्रिकांचा. समोरच्या फ्लॅटमधल्या सुचित्राबाईंना कुठल्याही कार्यात सल्ला द्यायला बोलवावं लागत नाही, त्या आलेल्याच असतात. त्यांनी बजावलं, की नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या मुळीच नकोत, उगाच कुणी फोटो काढून कुठे टाकला तर पंचाईत. रंगावरून मत घ्या. लालसाठी राजमा. निळ्यासाठी काय, यावर नवव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर बराच वेळ विचारात पडलं होतं.

"खाण्यात निळं असं देवाने काही केलेलंच नाही हो," सुचित्राबाई म्हणाल्या. त्या वाक्यात अरुणरावांना विरोधी प्रचाराचा वास आला. पण अरुणरावांच्या मुलीने, अस्मीने, फोनवरून मान वर न करता तोडगा काढला.

"जस्ट यूज कलर्ड चॉकलेट्स, बाबा. दे कम इन बोथ."

प्रत्येकाला एक लाल आणि एक निळी गोळी द्यायची. हवी ती आडोशाला जाऊन डब्यात टाकायची आणि उरलेली परत करायची. इतकी साधी, स्वच्छ, गुप्त मतदानाची पद्धत आजवर कुणाला सुचली नसेल, असं अरुणरावांना वाटलं. 'उरलेली परत करायची' या अटीत अख्खी लोकशाही बुडणार आहे, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. चॉकलेट हातात दिल्यावर ते परत देणारं माणूस कुठे भेटलंय का?

शनिवारी हॉल भरला. पोरंटोरं, बायका, लुंगीवर उतरलेले दोन आजोबा, जहांआराच्या बिर्याणीचं भलंमोठं पातेलं, आणि टेबलावर 'हॅपी बर्थडे रफिक' असा केक. रफिक पांढरा इस्त्रीचा कुर्ता घालून आला होता आणि लहान मुलं त्याला खरोखरच भेटवस्तू देत होती. मतदान शिस्तीत झालं. बाजूला चाललेल्या खाण्याकडे अरुणरावांचं लक्ष नव्हतं. ते डब्यावर नजर ठेवून होते.

डबा उघडून टेबलावर पालथा केला तेव्हा सगळं टेबल लाल झालं. त्या लाल ढिगात निळ्या गोळ्या होत्या दोन.

अरुणरावांनी ढीग बोटाने पसरून पाहिला. डब्याचा तळ पाहिला. मग त्यांची नजर समोर गेली. पोरं एकमेकांना जिभा दाखवत होती. सगळ्या जिभा निळ्याशार.

"जीभ दाखव," ते अस्मीला म्हणाले. अस्मीने दाखवली. निळी.

"सुमेधा, तू?"

"मी काय?" सुमेधाने तोंडावर पदर धरला.

"जीभ."

चारचौघांत नवऱ्याने जीभ काढून दाखवायला सांगावं, असा प्रसंग तिच्यावर तोवर आला नव्हता. तिने दाखवली. देवगडच्या त्या निष्ठावंत जिभेवरही निळा डाग होता.

"अहो, निळीने जीभ रंगते म्हणून सगळे निळी खात होते," ती म्हणाली. "मग डब्यात उरलीच लाल. त्यात एवढं काय?"

"इट्स जस्ट चॉकलेट, बाबा," अस्मी म्हणाली.

इथे अरुणरावांनी हसायला हवं होतं. सगळा हॉल त्यासाठीच त्यांच्याकडे बघत थांबला होता. त्यांनी हसून एक लाल गोळी तोंडात टाकली असती, तर ही गोष्ट पुढे वर्षभर गाडीत हसण्यावारी गेली असती. पण ज्यांनी ज्यांनी चहा पाजला होता त्यांच्या निळ्या जिभा त्यांना समोर दिसत होत्या, आणि आपल्याच मांडलेल्या डावात आपण तोंडघशी पडलो, याची लाज त्यांना चढत होती. लाज वाटली की ते रागावत. पुष्कळ माणसांचं तसंच होतं, पण पुष्कळ माणसांच्या समोर त्या क्षणी रफिक उभा नसतो.

रफिक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना रे. पोरांचा खेळ झाला. चल, बिर्याणी थंड होते."

"तुझी जीभ दाखव."

"माझी शुगर माहीत नाय तुला? मी कशाला खातोय चॉकलेट?"

"मग टाकलीस लालच ना! तुला काय, खेळच आहे सगळा." अरुणरावांचा आवाज चढला. "बारा वर्षं दुसऱ्याच्या गाडीत फुकट बसायचं आणि वर मतं मांडायची. त्याला काय लागतं?"

जहांआराच्या हातातलं झाकण पातेल्यावर नीट बसलं नाही, त्याचा तेवढा आवाज झाला. फुकट हा शब्द कसा पडला, ते अरुणरावांना त्याच क्षणी कळलं. तो उचलून परत तोंडात घालता आला असता तर त्यांनी घातला असता.

आणि नेमक्या त्याच वेळी दार उघडून मॅनेजर आत आला. "हॅपी बर्थडे, रफिकभाई! केक अभी कटा नहीं?"

मग काय, गावंच लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवत, खाली बघत गाणं म्हटलं. अरुणरावांनीही म्हटलं. मॅनेजरने फोन काढला आणि फर्मावलं, पहला पीस बेस्ट फ्रेंड को. रफिकने केक कापला, छोटा तुकडा उचलला आणि अरुणरावांच्या तोंडाशी धरला. तो फोटो अजूनही बिल्डिंगच्या ग्रुपवर आहे. त्यात रफिक हसतोय. खऱ्या हसण्यात त्याचे डोळे बारीक होतात, ते त्यात झालेले नाहीत, पण हे बघणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

सोमवारी सकाळी गाडीपाशी कुणी नव्हतं. अरुणराव पार्किंगमध्ये थांबून राहिले. चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवायला किती वेळ लागतो? पण पायांना मानापमान आडवा येत होता. त्याला गरज असेल तर तो येईल, असं त्यांनी स्वतःशीच म्हटलं आणि गाडी काढली. वळणावर बसस्टॉपवरच्या रांगेत त्यांना रफिक दिसला. त्याच्या हातात डबा नव्हता.

"जाऊन सॉरी म्हणा," सुमेधाने त्या संध्याकाळी सांगितलं. मंगळवारीही सांगितलं. अरुणराव म्हणाले, निकाल लागू दे, मग बोलतो. निकालाचा आणि माफीचा काय संबंध, असं तिने विचारलं. त्यावर ते अमेरिकेचा नकाशा उघडून बघत बसले.

बुधवारी पहाटेपासून निकाल येऊ लागले. अरुणराव उजाडण्याआधीपासून टीव्हीसमोर होते. कोण जिंकलं ते साऱ्या जगाला माहीत आहे. अरुणरावांना मात्र ती बातमी ऐकवायला गाडीत कुणी नव्हतं. जिंकल्याचा आनंद असो की हरल्याचा राग, तो काढायचा कुणावर, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. रेडिओवाला काही उलट उत्तर देत नव्हता.

संध्याकाळी इत्तिहाद रोड नेहमीसारखा तुंबला होता. एसी तोंडावर येत होता. पुढच्या गाडीचे मागचे दिवे लागत होते, विझत होते, लागत होते. आणि मग एक मऊ, अगदी सभ्य असा धक्का बसला आणि त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

पुढच्या गाडीतून एक बाई उतरल्या आणि कंबरेवर हात ठेवून आपल्या बंपरकडे बघू लागल्या. पोलीस आला. तो फार अदबीने वागला. "यू स्लीपिंग, सर?"

"नो," अरुणराव म्हणाले. "आय वॉज थिंकिंग."

पोलिसाने मान हलवली. धडक ज्याच्या चुकीने झाली त्याला लाल कागद मिळतो. तो लाल कागद मांडीवर घेऊन, आणि तो लालच असावा याचं वाईट वाटून घेत अरुणराव घरी आले. लिफ्टमध्ये त्यांचं बोट नऊवर जाता जाता चारवर टेकलं.

दार जहांआराने उघडलं. हॉलमध्ये खोकी रचून ठेवली होती. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं होतं.

"या ना, अरुणभाई. हे नाहीत. अल ऐनला गेलेत घर बघायला."

"अल ऐन? इतक्या लांब?"

"तिथल्या ब्रँचला बोलावत होते ना यांना, कधीपासून. आमची हुमेरा तिथेच युनिव्हर्सिटीत. मी किती मागं लागले. दर खेपेला म्हणायचे, नको, इथं बरं आहे, जाण्या-येण्याची सोबत आहे. रविवारी आपणहून हो म्हणाले." तिचं लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेलं. "हे कपाळाला काय लागलं तुमच्या?"

अरुणरावांनी सांगितलं. डोळा लागला, एवढंच सांगितलं. ते ऐकून जहांआरा खोक्यावरच बसली.

"याचीच भीती होती त्यांना. पहिल्या वर्षी तुम्ही स्टिअरिंगवर डुलकी घेतलीत, आठवतं? यांनी ओरडून उठवलं. तुम्ही म्हणालात, मी झोपलोच नव्हतो. तेव्हा हे घरी येऊन मला म्हणाले, अरुणला झोप येते ते सांगितलेलं चालत नाही, पण कुणी उलटं बोललं की तो टक्क जागा राहतो. मग रोज तेच. क्रिकेट काय, गाणी काय. सकाळी डबा भरताना मला विचारायचे, आज कशावरून भांडू?"

"आणि अमेरिका?" अरुणरावांनी विचारलं.

"त्यांना अमेरिकेचं काय पडलंय? तुम्ही आधी निळं म्हणालात म्हणून ते लाल. तुम्ही लाल म्हणाला असतात तर..." तिने आतल्या दोरीवरचा पांढरा कुर्ता आणून दाखवला. खिशाच्या तळाशी फिकट गुलाबी डाग होता. "त्या दिवशीची गोळी खिशात विरघळली. तीनदा धुतला, जात नाही. लाल होती."

अरुणरावांना हिशोब करायला वेळ लागला. लाल खिशात राहिली, म्हणजे डब्यात पडली ती निळी. एक निळी त्यांची स्वतःची. दुसरी कुणाची, याचा त्यांनी त्या दिवशी विचारच केला नव्हता. ज्या एका माणसाने त्यांना मत दिलं होतं, नेमक्या त्यालाच त्यांनी फुकट म्हटलं होतं.

"सगळीच भांडणं खोटी होती?" त्यांनी विचारलं.

जहांआराला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "आंब्याचं नाही हां. ते खरं होतं. आंब्यावरून ते घरी आल्यावरही तुमच्यावर चिडलेले असायचे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इत्तिहाद रोडवर गाडी थांबल्यावर अरुणरावांनी फोन लावला. रफिकने लगेच उचलला. घर मिळालं, चांगलं आहे, ऑफिस पायी जाण्याजोगं आहे, म्हणाला. अरुणराव म्हणाले, "रफिक, त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"खलास झालं ना ते. सोड."

"नाही, मी फार चुकलो रे."

"असू दे. घरात सगळी बरी आहेत ना?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं. परक्या माणसाशी बोलावं तसं तो नीट, सांभाळून बोलत होता. अरुणरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि हातात उरलेला शेवटचा पत्ता टाकला.

"बरं ऐक. मी काय म्हणतो, काही झालं तरी देवगडच्या हापूसची सर रत्नागिरीच्या हापूसला नाही."

अरुणराव वाट बघत राहिले.

"असेल," रफिक म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"म्हणजे तू म्हनतोस तर बरोबरच असेल. गाडी जपून चालव." आणि फोन बंद झाला.

पुढच्या गाडीचे दिवे लागले, विझले. अरुणरावांनी एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या, आणि शारजा येईपर्यंत एकट्यानेच, मोठमोठ्याने, रत्नागिरीची बाजू मांडली.